काचेवरचं भोक

थंडर बे, कॅनडा
१४ जानेवारी

प्रिय आर्वोदादा,

खुशाल असशील. तुमच्या व्हँकुव्हरला पाऊस, आमच्याकडे उणे अठ्ठावीस. फोनच केला असता, पण फोन स्वयंपाकघरात आणि बाबाही दिवसभर तिथेच. म्हणून लिहितेय.

आज सकाळी पुन्हा गाडीशी झटापट. सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, इंजिन सुरू करून गरम हवा काचेवर सोडा, गाडीच्या छपरावरचा ढीग ओढा, मग काच खरवडत बसा. बोटं बधिर, कामावर उशीर, आणि दारात उभे राहून बाबांचं चालूच, "वायपर उपटू नकोस, रबर फाटेल!"

"फाटू दे!" मी ओरडले. शेजारच्या आउनेकाकूंनी पडदा सारून पाहिलं.

डिसेंबरात गाडीची काच थंडीने तडकली असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. बाबांनी बर्फ वितळवायला तिच्यावर उकळत्या पाण्याची किटली ओतली होती. लहानपणी तू तेच करायला निघालास तेव्हा "काच तडकेल" म्हणत तुझ्यामागे घरभर धावणारे आपले बाबा! मी विचारलं, तर म्हणाले, "घाई होती."

कसली घाई? निवृत्त माणसाला?

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. पण तू दर रविवारी फोनवर "काय बाबा, अजून लोखंडासारखे ना?" म्हणतोस आणि ते हसून "मजेत!" म्हणतात. मग मी कोण मध्ये बोलणार?

गेल्या मंगळवारी मी कामावर असताना ते गाडी घेऊन निघाले. काचेवरच्या बर्फात ताटलीएवढं भोक खरवडलेलं, छपरावर वीतभर बर्फ तसाच. कोपऱ्यावर ब्रेक दाबताच तो सगळा ढीग घसरून काचेवर आला. वायपर हलेनात. गाडी फुटपाथवर चढली आणि बसथांब्याच्या खांबाला धडकली. थांब्यावर आउनेकाकू होत्या. उडी मारली म्हणून वाचल्या. बाबांना लागलं नाही, गाडीचा बंपर तेवढा चेपला.

मी घरी आले ती पेटलेलीच. "डोकं फिरलंय का तुमचं? सगळं विसरलात?"

 बाबा म्हणाले, "विसरलो नाही गं ऐला. हात वर जात नाही."

खांदा दादा, उजवा खांदा. शरद ऋतूपासून त्यांना टोपीसुद्धा डाव्या हाताने घालावी लागतेय. छपरापर्यंत हात पोचत नाही, खरवडायला जोर लागत नाही. आणि मी समजत होते, म्हातारपणी चक्रम झालेत.

"मला सांगायचं होतं ना!"

"तुला सांगितलं तर आर्वोला कळेल. त्याला कळवू नकोस. शब्द दे."

दिला. काय करणार होते?

किल्ली माझ्या कोटात आहे. रोज मागतात, मी देत नाही, मग जेवताना आमच्यात अवाक्षर नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की ताट सरकवून उठतात. मला कंटाळा आलाय दादा. बर्फाचा नाही, एकटीने वाईट व्हायचा.

या रविवारी ते पुन्हा "मजेत" म्हणतील. विश्वास ठेवू नकोस. उत्तरही लिहू नकोस, तू ये.

दिलेला शब्द मोडून बसलेली,
तुझी ऐला