इस्त्री कोण विसरलं, याचा खुलासा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का आणि भावजींची निवृत्ती तुला सोसते का, ते सविस्तर कळव. इकडे आई ठणठणीत आहे. मी ठीक आहे असं म्हणायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात इस्त्री चालू राहून चादर जळाली, तेव्हा तू फोनवर एवढंच म्हणालीस की आईला आता मी घेऊन जाते. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. (आईला गेलं. माझंही तिनेच संपवलं.) घरात आम्ही दोघंच; ती गेली तर मी कपाटाशी गप्पा मारणार. म्हणून मी चार स्मार्ट प्लग आणले. ही डबी सॉकेटमध्ये खोचायची, डबीत इस्त्री खोचायची, की दुकानात बसून फोनवरून इस्त्री बंद करता येते. आई घरात सुरक्षित आहे हे तुला दाखवून द्यायचं, एवढाच हेतू. तीस वर्षं पंप-पंख्यांच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग करतोय, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं की कॉइल ते सांगतो. पण या डबीने मला दारात उभं केलं नाही. घरच्या वाय-फायची दोन नावं आहेत, तिला त्यातलं संथ हवं होतं आणि भावजी फोनवरून मला चार तास वेगवान द्यायला लावत होते. (त्यांना सांगू नकोस. ते उत्साहात होते.) मग प्रत्येक डबीला नाव द्यायचं होतं. दुकानात मोटारीला चिठ्ठी लावतो तशी मी सवयीने तक्रारच लिहिली. त्यामुळे फोन आता गंभीरपणे कळवतो की ‘घरघर करतो, तेल घाला’ चालू झाला आहे. म्हणजे पंखा.

पण खरी अडचण आईची. दुकान स्वयंपाकघरात होतं तेव्हा मी कॉइल गुंडाळायचो आणि ती तारेचे वेढे मोजायची, तुला आठवत असेल. खोली सोडताना भिंतीवरचं बटण हाताने बंद करायचं, ही तेव्हाची शिस्त तिने अजून सोडलेली नाही. भिंतीवर बंद झालं की डबीचाच जीव जातो. दिवसातून सात वेळा माझा फोन ओरडायचा की उपकरण सापडत नाही. पहिल्या दोन वेळा मी गिऱ्हाईक तसंच सोडून धावत घरी आलो. आई शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, “बटणं चालू ठेवून फिरायला ही काय धर्मशाळा आहे?”

मंगळवारी मात्र फोन म्हणाला, इस्त्री चाळीस मिनिटं चालू आहे. मी दुकानातून ती बंद केली आणि मोठ्या दुःखाने मनाशी म्हटलं, ताईचं बरोबर होतं. समजुतीची चार वाक्यं जुळवत घरी आलो, तर दाराला सकाळी मीच लावलेलं कुलूप. तेव्हा आठवलं, आई सकाळी सातलाच शेजारच्या बाईंबरोबर डोळे तपासायला गेली होती. आठला शर्टाला इस्त्री केली ती मी.

आई आल्यावर विचारलं, मग ती चादर? ती चपला काढत म्हणाली, “तेव्हाही शर्ट तुझाच होता. तुला दुकानाची घाई, म्हटलं राहू दे माझ्या नावावर.” ताई, तिला तुझ्याकडे पाठवायला निघालो होतो ते कोणाच्या गुन्ह्यासाठी!

भावजींना नमस्कार. 

तुझा,
धाकटा

ता. क. हे सगळं प्रामाणिकपणाने लिहिलं आहे. शिवाय या डब्यांच्या बातम्या भावजींच्या फोनवरही जातात, हे मला काल कळलं.

ता. क. २. तेव्हा आईला न्यायला येऊ नकोस, एवढीच विनंती.

ता. क. ३. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मला लेकीकडे महिनाभर यायचंच आहे, हा कोण नको म्हणणारा? पण याला घरात एकटं ठेवून मी निघणार नाही. तरी खाटा दोन लाव.