बाबांची गोळी

लाडके धाकटे,

निवृत्त माणसांचं घर कसं चालतं, याची पाहणी करणारी मुलगी आज आली होती. मी आत चहा टाकत होते. तिनं बाबांना विचारलं, "पैसे पुरले नाहीत की काय सोडता?"

बाबा हळूच म्हणाले, "माझी रक्तदाबाची गोळी. हिची चालू आहे. हिला सांगू नका हं."

मला आत सगळं ऐकू आलं. परवा ते जिन्यात कोसळले, तेव्हा "चप्पल सटकली" म्हणाले होते.

मुलगी गेल्यावर म्हटलं, "उठा, दवाखान्यात चला."

"उगाच खर्च कशाला?"

"तुम्हीच नसलात तर मी कुणासाठी जगू?"

ते चप्पल शोधू लागले.

डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलंय. म्हणाले, "आज आणलंत म्हणून वाचले. पण रात्रभर लक्ष ठेवावं लागेल."

तुला कळलं तर धावत येशील आणि आम्हाला घेऊन जायला बघशील. तुझ्या एका खोलीत आमच्यातलं एकच मावेल. मग दुसऱ्यानं कुठं जायचं? म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

झोपेतही त्यांनी माझं बोट घट्ट धरलंय. ते सोडवून घ्यायची मला भीती वाटते गं.

तुझी,
आई