उंबराची साल आणि चोवीस उंदीर

४ जानेवारी, रविवार. अकोला.
सकाळी उठलो तर घरभर तोच वास. बाबा गॅससमोर उभे राहून उंबराची साल उकळत होते. दोन वर्षांपूर्वी अल्सरमधून रक्त गेलं, दवाखान्यात पडून होते, डॉक्टरांनी बजावलं की सकाळची गोळी सोडायची नाही. घेतात. पण श्रेय सगळं काढ्याला. "गोळी डॉक्टरच्या समाधानासाठी. बरा झालो तो सालीनं." ऐकून ऐकून कान किटले. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस, पोटाचं शास्त्र आम्हाला शिकवतो.
आणि माझं नशीब बघा. अमरावतीच्या फार्मसी कॉलेजात मास्तर, चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी., आणि गाईडनं विषय दिला तो हाच: उंबराची साल पोटाला अल्सरपासून वाचवते का. एकच इच्छा आहे. सालीचा पार बोजवारा उडावा. निकालाचा कागद बाबांच्या पुढ्यात ठेवीन, मग बघू.

७ जाने. अमरावती.
गाईडसाहेबांना यापुढे नुसतं गा. लिहीन. तेवढीच शाई पुरे. आज म्हणाला, "आपल्या मातीतलं काहीतरी जगासमोर गेलं पाहिजे." तिवस्याकडच्या एका बांधावरून साल सोलून मी आणली, हाताला चीक लागला तो तीन दिवस निघेना. याच्या बुटाला माती लागलेली मी आजवर पाहिलेली नाही.

१४ जाने. संक्रांत.
डोस सुरू. चोवीस उंदीर, सहा-सहाचे चार गट. एकाला नुसतं मिठाचं पाणी. एकाला ॲसिडिटीची गोळी, बाबांची तीच. उरलेल्या दोन गटांना काढा, कमी आणि जास्त. चौदा दिवस. मग एक दिवस उपाशी ठेवायचे, शेवटचा डोस देऊन अल्कोहोल पाजायचं, पोटं उघडायची, जखमा मोजायच्या. कोणत्याही दुसऱ्या वर्षाच्या पोराला जमेल असं काम.
पिंजरे बघायला इंदूबाई. पुढच्या वर्षी रिटायर होणार. आज उंदरांना तीळगूळ द्यायला निघाली होती. "घ्या बापा, गोड बोला." त्यांना! अशा हातांत विज्ञान. हाकललं.

२७ जाने.
उपास सुरू. पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, अन्न देऊ नये. इंदूबाईला वाचूनही दाखवलं.
"उद्या दुपारलोक उपाशी?"
"हो."
"पाप लागन, सर."
उंदरांच्या पापाचा हिशेब ठेवणारं खातं कॉलेजात नाही, सांगितलं तिला.

२८ जाने.
हे काय झालं.
मिठाच्या पाण्याचे सहा: पोटं लालभडक, पट्टेच्या पट्टे. गोळीचे सहा: स्वच्छ. ठीक, अपेक्षित. काढ्याचे बाराच्या बारा: स्वच्छ. आतून एक पांढरा चिकट थर, कुठे कुठे गुठळ्या. मी भिंग घेऊन दोनदा पाहिलं. जखम सापडावी म्हणून शोधत होतो, खोटं कशाला लिहू. नाही सापडली.
घरी येऊन नीट जेवलो नाही. राग आला होता. सालीचा.

३० जाने.
गा. नाचायचा बाकी आहे. पांढऱ्या थराचे फोटो पाहून म्हणाला, "म्यूकस! संरक्षक आवरण! काढ्यानं वाढवलं!" गोळीच्या गटातही तसाच थर होता, तेवढं मी बोललो. म्हणाला, "मग काढा गोळीच्या तोडीचा ठरला." मूर्ख आहे. तरीही प्रबंधात लिहिलं: म्यूकसच्या थरात लक्षणीय वाढ. माझ्याच हातानं लिहिलं.

१ फेब्रु. रवि.
बाबांना फोन केला. नसता केला तरी चाललं असतं. पण सांगितलं. काढ्यानं काम केलं, म्हटलं, उंदरांवर.
त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "म्हनजे मी खरं सांगत होतो." आवाज कसातरी झाला होता. मला वाटलं होतं टोमणा मारतील.
संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना सांगून झालं असणार.

९ फेब्रु.
आईचा फोन. "अरे, यायनं आठ दिवस झाले, गोळी बंद केली. तू सांग बरं."
बाबांना फोन द्यायला लावला. म्हटलं, असं करू नका. तर म्हणतात, "तुह्या काढ्याच्या उंदरायले कोनं गोळ्या देल्या होत्या?" स्वतःवरच खूश होऊन हसले. मी पुन्हा एकदा म्हटलं, मग सोडून दिलं. आकडे तर माझेच होते. आणि खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी असे बोलत होते, माझं नाव घेऊन लोकांना काय काय सांगितलं ते. ते मोडवेना.

१६ फेब्रु.
दुसरी बॅच. गा.ला आणखी उंदरांचे आकडे हवे आहेत. आज उपासानंतरचा डोस. रोज दहाला जातो, आज नांदगाव पेठेत काम होतं म्हणून आधी इकडे आलो, साडेआठला.
इंदूबाई पिंजऱ्यांना बाटल्या लावत होती. पाणी नव्हे. दूध.
मी ओरडलो. ती घाबरली नाही. तिला वाटलं मी उशीर झाला म्हणून ओरडतोय.
"होऊनच राहिलं, सर. दोन पिंजरे राहिले."
हे कोणी सांगितलं? "सांगा लागते काय? औषध उपाशीपोटी कोनी घेते?" चिठ्ठी वाचून दाखवली होती ना? "अन्न देऊ नोका असं होतं. म्या अन्न कुठं देल्लं. दूध तं उपासाले चालते."
मागच्या बॅचलाही? "हो जी. घरून आनलं होतं."
सगळ्यांना? "मिठाच्या पान्यावाल्यायले नाई. त्यायले औषध कुठं हाये?"
औषध मिळणाऱ्यांची पोटं दुधानं भरलेली, बाकीच्यांची रिकामी. रिकाम्या पोटात अल्कोहोल गेलं, तिथे लाल पट्टे. बाकी सगळे स्वच्छ. आणि तो पांढरा थर, ते म्यूकस, ते नासलेलं दूध होतं. भिंगातून दोनदा पाहिलं होतं मी. वीस वर्षं पोरांना उंदराचं पोट शिकवतो. गुराख्यालाही ओळखता आलं असतं.
ही बॅचही गेली. साल चालते की नाही, मला काही म्हणजे काही माहीत नाही.

१७ फेब्रु.
गा.ला सांगितलं. दार लावून घेतलं त्यानं. "बाई रिटायर होतेय ना? मग झालं. पहिल्या बॅचला हात लावू नका." मी म्हटलं, माझे वडील गोळी सोडून बसले आहेत. तो म्हणाला, "काढा घेतात ना पण?"
यापुढे गा.सुद्धा लिहिणार नाही.

१८ फेब्रु. अकोला.
रजा टाकून आलो. बाबा जेवायला बसले होते, ताटात भात तसाच. आई म्हणाली, जेवल्यावर पोट धरून बसतात, विचारलं की गॅस म्हणतात. चेहरा उतरलाय. मी सगळं सांगितलं, उपास, चिठ्ठी, दूध, थर, सगळं. नीट, शिकवल्यासारखं. तिथेच चुकलो बहुतेक.
ऐकून घेतलं. हात धुतले. मग म्हणाले, "आयुष्यभर मी म्हनलं ते खोटं. एकदा खरं निघालं, तं तुले दूध सापडलं."
बाबा, शपथेवर सांगतो, म्हटलं.
"चवथीत होता तेव्हापासून पाहून राहिलो तुले. मी बोललो की तुह्या ओठाची अशी कड वाकडी होते. आताही झाली."
खरं असेल. मी आरशात पाहून बोलत नाही.
डॉक्टरकडे चला, म्हटलं. नाही. गोळ्यांचं पाकीट ताटाजवळ ठेवलं, त्यांनी उचलून खिडकीत ठेवलं. परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मी त्यांना मनात शिव्या घालत होतो. पुढे स्वतःला.

२० फेब्रु.
आई फोनवर म्हणाली, पाकीट खिडकीतच आहे.
प्राणीघरात गेलो. इंदूबाई झाडत होती. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं तिच्यावर काढलं. तुझ्या दुधामुळे माझ्या बापानं गोळी सोडली, माझं ऐकत नाही, त्यांना काही झालं तर... वगैरे. फार वाईट बोललो. ते इथे लिहीत नाही.
तिनं खराटा भिंतीला टेकवला. "लावा फोन. मी बोलतो."
तू काय बोलणार?
"लावा तं."
लावून दिला. मी दारात उभा. ती खाली बसून बोलत होती, अगदी हळू, बाबाजी म्हणत. दूध म्याच देल्लं, म्हणाली, सर खोटं नाई बोलत. मग तिच्या मालकाचं, नवऱ्याचं, सांगितलं. कमरेच्या दुखण्यासाठी दुकानातून गोळ्या आणायचा, चहासुद्धा न घेता खायचा, आणि एक दिवस शेतातच रक्ताची उलटी झाली. नांदगाव खंडेश्वरला नेलं, तिथून इकडे आणेपर्यंत उरला नाही. "डॉक्टरनं नंतर सांगतलं, उपाशीपोटी खाऊन आतून फाटलं. तवापासून मी कोनालेच उपाशीपोटी औषध घेऊ देत नाई, बाबाजी. उंदीर असो का मानूस."
नऊ वर्षं ती आमच्याकडे आहे. मला तिचं आडनावही आठवेना.
पुढचं तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. मग उठून फोन माझ्यापुढे धरला.
काय म्हणाले?
"इचारत होते, मालकाले आधी काय काय होये. पोट दुखे काय, जेवन टाके काय. म्या सांगतलं सारं."
ठेवला त्यांनी?
"नाई. चालूच हाये. घ्या."
घेतला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. "बाबा," म्हटलं. नेहमीच्या शिकवायच्या आवाजात म्हणायचं नव्हतं, आणि दुसरा कोणता आवाज मला येत नव्हता.