आजची प्रार्थना तू कर

थोरल्या,

मी चर्चमध्ये उपकारस्तुतीला चाललेय, दुपारनंतर येईन. भाजी झाकून ठेवलीय. मीठ जरा सढळ पडलंय, नाक मुरडू नकोस.

कारखान्याने तुला घरी बसवल्यापासून जेवणाआधीच्या प्रार्थनेला तू तोंड शिवून बसतोस. मला कळत नाही असं समजू नकोस, प्रार्थनेत मी एकच डोळा मिटते.

तुझ्या बाबांचा उजवा हात यंत्रात गेला. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी डाव्या हाताने घास उचलण्याआधी त्यांनी देवाचे आभार मानले. मी भडकले, तर म्हणाले, "अगं, तुला धरायला एक ठेवलाय ना त्याने!"

आज जेवायला तू आणि तुझी लेक, दोघंच. आभार कशाचे मानायचे ते सुचलं नाही, तर समोर बसलेली असेल तिच्याकडे बघ.

आई