बदललं तेवढंच

३ मार्च १९८६
आज पुन्हा टेप अर्धीच! कारखान्यातल्या सगळ्या माणसांच्या नोंदी रोज कॉम्प्युटरवरून टेपवर उतरवायच्या आणि संध्याकाळच्या जीपने मुंबईला धाडायच्या. कुंभिवलीची वीज त्याआधीच पसार होते. साहेब म्हणाले, "जुनी माणसं पुसून टाका. मेलेल्यांना कशाला वाहताय?"

मेलेल्यांत गौरा आहे. माझी बायको. पॅकिंगला होती. दोन वर्षं झाली, तरी तिची नोंद पुसायला हात धजावत नाही. साहेबांचं काय जातंय बोलायला!

५ मार्च
कॉम्प्युटर नोंदींचा पुढचा घास देईपर्यंत टेप थांबते, मागे सरकते, पुन्हा पुढे येते. वेळ खाते ती तिथेच. घास मोठे केले. फरक पडला, पुरेसा नाही.

८ मार्च
सुचलं! कालपासून ज्या नोंदीत काही बदललं, तेवढीच टेपवर घ्यायची. जिवंत माणसाची हजेरी तरी रोज बदलते. मेलेल्यांचं काय बदलणार? ते राहतील कॉम्प्युटरच्या डिस्कवर निवांत. कुणाला पुसायला नको.

माझा चहा संपायच्या आत टेप भरली. ऑपरेटर पदू बघतच राहिला. "सायेब, एवढ्यात झाली पन?" मी नुसती कॉलर ताठ केली.

११ मार्च
कोऱ्या टेपा संपल्या. मागितल्या की साहेबांचं तोंड वाकडं. मग मुंबईहून परत आलेली पहिली टेप, सगळ्यांच्या नोंदी असलेली एकमेव, तीच आज पुन्हा वापरली. डिस्कवर आहेच की सगळं.

कँटीनमध्ये बायजा भेटली, गौराची मैत्रीण. म्हणाली, "भाऊजी, बाकावरची तिची जागा आमी अजून कुनाला देत नाय." ताट तसंच ठेवून उठलो.

१७ मार्च
वीज गेली, आली, पुन्हा गेली. डिस्क खलास. टेपांवरून सगळं परत चढवलं. कामावरची माणसं सगळी आली. मेलेलं एकही नाही.

गौरा नाही. तिला जपायला म्हणून केलं आणि मीच पुसली.

१८ मार्च
पदूचा काका धाऊ गेल्या वर्षी बॉयलरवर मेला, त्याचीही नोंद उडाली. पदूची माफी मागितली. तो म्हणाला, "मला काका नाय, सायेब." चेष्टा वाटली. पोरगा हसत नव्हता.

कँटीनमध्ये गौराच्या जागेवर कुणी पोरगी जेवत होती. बायजाला विचारलं, हे काय?

"कोन गौरा, सायेब?"

सायेब म्हणाली. माझ्या लग्नापासून तिने मला भाऊजीशिवाय हाक मारलेली नाही.

२० मार्च
गौराची नोंद नव्याने भरायला बसलो. आज भरली तर आज बदलली, म्हणजे आजच टेपवर जाईल. नाव टाकलं. खातं, पॅकिंग. माहेर — लोधिवली? की चौक? दर दिवाळीला जात होतो आम्ही! उंची आठवेना. मग आवाज आठवून पाहिला.

फार भीती वाटतेय. उद्या डोकं शांत झालं की पुरी करीन.

२३ मार्च
रविवार. घर झाडलं. खाटेखाली बायकी चपलांचा जोड निघाला, टाचा झिजलेल्या. आधीच्या भाडेकरूंचा असणार. बायजाला होतात का विचारतो, नाहीतर देतो फेकून.