तीन कौल आणि एक चक्कर

चिरंजीव भागोजीस कुडपणहून आजीचे अनेक आशीर्वाद. आजी म्हणजे तुझ्या बापाची आई. दसऱ्यापासून तुझं पत्र नाही, तेव्हा ओळख दिलेली बरी. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. तुझ्या आईनं, तुळसेनं, कळवलं असेल की म्हातारीला मुंबईला घेऊन जा. आधी माझी बाजू ऐक.

महाडच्या डॉक्टरांनी साखर उतरवायची गोळी दिली होती. त्यात तू गुडघ्यांसाठी गोळ्या पाठवल्यास (आठवत नसेलच), आणि तुडीलची माझी बहीण ठकू जांभळाच्या बियांची पूड घेऊन आली. म्हणे, हिनंही साखर उतरते. एकाचं घ्यावं तर बाकीचे दोघे रुसणार. म्हणून रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर घ्यावं. डॉक्टरांच्या गोळीला उजवं पडलं, पुडीला उजवं, तुझ्या गोळीलाही उजवंच (तुझ्या बाबतीत देव पहिल्यापासून मऊ). मग तिन्ही चालू केली. तुझी गोळी एकीऐवजी तीन, कारण गुडघे दोन आणि कंबर एक.

संकष्टीला उपाशीपोटी हे सगळं घेऊन खळ्यावर बसले. हात कापू लागले, घाम फुटला, आणि मी तुळसेला विचारलं, "बाय, तू कोण गो?" तिला वाटलं नेहमीचा टोमणा, ती भात पाखडत राहिली. मी आडवी झाले तेव्हा तिला खरं वाटलं. गुळाचं पाणी पाजून डोलीतून पोलादपूर, तिथून यष्टीनं महाड.

डॉक्टरांनी विचारलं, "हे सगळं एकत्र घ्यायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, देवानं. ते म्हणाले, एक गोळी साखर हळूहळू उतरवत होती, तुमच्या पुडीनं आणि गुडघ्याच्या गोळ्यांनी मागून ढकललं, साखर थेट दरीत गेली; घटकाभर उशीर झाला असता तर तुम्हीही गेला असता. हे पत्र लिहिणारा कोंडाजी गुरव म्हणतो, "देवाचा दोष नाय, काकी. तिन्ही येगयेगळी इचारलीस, एकत्र घेऊ का ते कुठं इचारलंस?" (हे त्यानं फार ठासून लिहिलं असावं, टाक करकरला.)

आता एकच गोळी, तीही जेवणाबरोबर. म्हणून मला इथंच राहू दे.

गोदूबाई, निशाणी अंगठा

ता. क. हात कापू लागले तर लगेच गोड तोंडात टाका, असा डॉक्टरांचा हुकूम आहे.

ता. क. दुसरा. खडीसाखर दातांना सोसत नाही. पेढे चालतील का, असा कौल लावला. या वेळी गोळीसकट, एकत्र विचारलं. फूल पडलंच नाही. कोंडाजी म्हणतो, न पडणं म्हणजे थांब. मी म्हणते, हरकत असती तर डावं पडलं असतं. तेव्हा न्यायला येऊ नकोस. अर्धा शेर पेढे पाठव, केशरी, आणि पुडक्यावर तुळसेचं नाव घालू नकोस.