नऊ वाजताचा मेसेज

४ जुलै

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते एका सोमवारी, सव्वाअकराला, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर. वर्गातल्या एका मुलीला मी मनातलं सांगून टाकलं होतं. ती अ‍ॅप्रनची घडी घालत होती. घडीवरून नजर न उचलताच तिनं सांगितलं, की तिच्या मनात माझ्याबद्दल तसं काही नाही आणि पुढेही नसेल. मी त्याच दुपारी कॉलेज सोडलं. तुला फोनवर अभ्यास झेपत नाही म्हणालो, ती थाप होती. पत्रात मात्र थाप मारवत नाही. बाबा परगावी नोकरीला होते तेव्हा त्यांना पत्रात सगळं खरं लिहायची सवय आईनं आपल्याला लावली, ती अजून सुटत नाही.

सध्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुटक्या काचा बदलतो. मालक मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. एकदा माझा हात उठणार होता, पण हातात स्क्रूड्रायव्हर होता म्हणून आवरलं.

पण मी हरलेलो नाही हं. रोज सकाळी नऊला तिला एक मेसेज करतो. वावगं काही नसतं. आभाळ कसं आहे, मला काय आठवलं, एवढंच. उत्तर येत नाही. येईल.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो हे वाचून आटू देऊ नकोस.

तुझा,
भडकू

---

१५ जुलै

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी संताप आला, मग रडू आलं. दाजींनी चहा करून दिला. कॉलेजचं भेटीत बोलू. तेव्हा माझं तोंड थांबणार नाही, तयारीनं ये.

आता माझं एक काम कर. माझ्या सातवीच्या वर्गात मारामाऱ्या थांबल्यात, कारण सगळं फोनवर चालतं. एकाला ग्रुपमध्ये घेतात, त्याचा फोटो टाकून हसतात आणि काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी तो शाळेत येत नाही. म्हणून शाळेनं ठरवलंय, की वर्गातल्या प्रत्येकाला रोज एक मेसेज पाठवायचा आणि त्याच नंबरवर मुलांनी मनातलं कळवायचं. ते फक्त मी वाचते. पहिले मेसेज मुख्याध्यापकांनी लिहिले. ‘विद्यार्थ्यांनी परस्परांशी सौजन्याने वागावे.’ पोरांनी त्याचीच नक्कल करून वर्ग डोक्यावर घेतला.

तू लिही. तू सातवीत होतास तेव्हा अडखळत बोलायचास म्हणून ती चौकडी तुला जिन्याखाली गाठायची, आठवतं ना? मी दहावीत. रोज तुझ्या कंपासपेटीत चिठ्ठी ठेवायचे, ‘मधल्या सुटीत टाकीपाशी आहे.’ तू धावत यायचास, शर्टाचं एक बटण हमखास तुटलेलं. तसे मेसेज हवेत. इवलेसे.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

---

२४ जुलै

ति. ताईस,
सा. न.

चिठ्ठ्यांचं लिहिलंस आणि दिवसभर हातून एक काच धड बसली नाही. टाकीचा तो गार ओलावा, तुझी निळी रिबीन, डब्यातला अर्धा वाटा मला देऊन भूक नसल्याचं तुझं नाटक. त्या चिठ्ठ्यांवर मी अख्खी सातवी काढली. घडी उलगडायच्या आधीच धीर यायचा. म्हणून तर मी तिला रोज लिहितो! तुझ्याकडूनच शिकलो.

पाच मेसेज पाठवतोय. पहिला, ‘कुणी छळलं तर एक ठेवून दे’, मीच खोडलाय, ओरडू नकोस. मला चौथा आवडतो: ‘ग्रुपवर कुणाची खेचतायत आणि तू गप्प आहेस, हे त्यालाही दिसतं. त्याला वेगळा मेसेज कर. जेवलास का, एवढं विचारलंस तरी पुरे.’

चुका काढ, पण हळू.

तुझा,
भडकू

---

९ ऑगस्ट

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

चौथ्या मेसेजनं कमाल केली. घरी बसलेल्या त्या मुलाला एका संध्याकाळी अकरा जणांनी जेवलास का विचारलं. त्यानं मला कळवलं, की एवढ्यांदा जेवून पोट बिघडेल. सोमवारी शाळेत आला. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

आता एक अवघड. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलंय. तिला विचारूनच उतरवून पाठवते:

‘आठवीतला एक मुलगा मला रोज मेसेज करतो. शिव्या नसतात, चांगलंच लिहितो. मी नको म्हणाले होते. उत्तरही देत नाही. तरी येतात. आता फोन वाजला की पोटात गोळा येतो. चांगलं लिहिलेलं असलं तरी हा त्रासच का? की मीच वाईट आहे?’

मी तिच्या आईशी बोलले आहे आणि आजपासून लक्ष ठेवते आहे. तिला काय लिहायचं, ते मात्र तू सांग. त्या मुलाशीही कुणीतरी बोलायला हवं. मी बोलले तर तो फक्त घाबरेल.

माझी माया आहे तेवढीच आहे, हे लक्षात ठेवून वाच.

तुझी,
ताई

---

१६ ऑगस्ट

ति. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र चुरगाळून कोपऱ्यात फेकलं. तू मुद्दाम केलंस, मुलगी तूच रचलीस, असं चार पानं भरून लिहिलं. मग पानं फाडली. पोटात गोळा येतो, हे तुला रचता येणार नाही. तो गोळा मला माहीत आहे, जिन्याखालचा.

फोन उघडून मी कॉलेजातल्या तिला पाठवलेलं सगळं पहिल्यापासून वाचलं. माझं आभाळ, माझ्या आठवणी, माझा पाऊस. खाली तिचा एक शब्द नाही. तुझ्या चिठ्ठीची मी वाट बघायचो, ताई. माझ्या मेसेजची तिनं कधीच बघितली नाही. एवढं साधं मला कळू नये?

मुलीला हे पाठव: ‘तू वाईट नाहीस. नको म्हटल्यावर आलेला गोड मेसेजही त्रासच असतो. तू त्याला उत्तराचं काही देणं लागत नाहीस. बाईंना सांगितलंस, हे फार बरं केलंस.’

मग कॉलेजातल्या तिची माफी मागायला एक मेसेज लिहिला. चांगला उतरला होता. बोट बटणावर गेलं आणि ध्यानात आलं, की तिकडे पुन्हा फोन वाजणार. पुसला. तिचा नंबरही पुसला. रडलो, खोटं कशाला सांगू.

त्या आठवीतल्या पोराशी मी बोलतो. तो मला शिव्या देईल, देऊ दे. मला त्याच्या मनातलं सगळं आधीच ठाऊक आहे. मालकांनी दोन दिवसांची रजा दिली आणि प्रोफेसर, नीट शिकवून या म्हणाले. या वेळी राग आला नाही.

तुझी माया अशीच राहो. मला ती लागणार आहे.

तुझा,
भडकू

ता. क. पत्र टपालात टाकत नाही, खिशात घेऊन येतोय. गाडीला पाऊण तास आहे. नऊ वाजले, फोन गादीवर पडलाय, तो तिथेच राहू दे. बूट घातले. निघालो, दार ओढून घेतो.